नळीतलं समुद्रफूल घरी ठेवावं का?

समुद्री टँक ठेवणाऱ्यांमध्ये ट्यूब ॲनिमोनवरून सरळ दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, याच्याइतका सोपा प्राणी नाही: महागडा दिवा लागत नाही, जागा सोडून भटकत नाही, कोळंबीचे तुकडे टाकले की काम झालं. दुसरा तट म्हणतो, याला टँकमध्ये आणणं म्हणजे हातानं दुखणं ओढवून घेणं. शेजारचं कोरल जाळतो, मासे मटकावतो आणि एक दिवस स्वतः कुजून सगळं पाणी नासवतो. दोघेही अनुभवाने बोलतात आणि दोघांचंही खरं आहे. माझ्या मते या भांडणाचं मूळ आपल्या टँकमध्ये आहे. गेल्या काही दशकांत घरगुती समुद्री टँक ज्या दिशेने सुधारत गेला, त्या दिशेला या प्राण्याची पाठ आहे.

आधी त्याची ओळख करून घेऊ. वाळूतून वर आलेली मऊ नळी आणि तिच्या तोंडाशी लांब, बारीक संस्पर्शकांचा झुबका. रंग जांभळा, नारिंगी, पोपटी, पांढरा. कधी एकाच प्राण्यात दोन. जवळून पाहिलं तर झुबकेही दोन दिसतात. बाहेरचे संस्पर्शक लांब आणि पाण्यात पसरलेले, आतले आखूड आणि तोंडाभोवती दाटलेले. खडकाला चिकटून बसणाऱ्या नेहमीच्या समुद्रफुलांना चपटं बूड असतं, याला ते नसतं. शरीराचं खालचं टोक निमुळतं, त्या टोकाला एक बारीक छिद्र. अंग आखडताना आतलं पाणी त्या छिद्रातून बाहेर फेकलं जातं. शरीरभर उभे स्नायू इतके दणकट असतात, की सावली पडायचा अवकाश, सगळा पसारा क्षणात नळीत गडप होतो. वाळूत आणि चिखलात शिरून राहण्यासाठीच हे शरीर घडलेलं आहे.

म्हणून शास्त्रज्ञ याला खऱ्या समुद्रफुलांत धरत नाहीत. सेरिॲन्थारिया हा त्यांचा वेगळा गट. जगभरात मिळून मान्य जाती पन्नासाच्या थोड्या वर. प्रवाळांच्या मोठ्या कुळात हा गट नेमका कुठे बसवायचा याबद्दल अजून एकमत नाही. 2019 मध्ये या गटातल्या आयसरॅकनॅन्थस नॉक्टर्नस या रात्री उमलणाऱ्या जातीचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पूर्ण वाचून झाला. त्याची लांबी निघाली 80,923 अक्षरं. माणसाचा 16,569 अक्षरांचा असतो. तोवर कुठल्याच प्राण्यात इतका लांब सापडला नव्हता. टँक ठेवणाऱ्याला या माहितीचा काडीचा उपयोग नाही, हे कबूल. पण 'आणखी एक ॲनिमोन' म्हणून आपण जे पिशवीत बांधून आणतो, ते ॲनिमोनांपासून किती लांबचं आहे, एवढं त्यावरून कळतं.

खरी नवलाई मात्र नळीतच आहे. जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफुलं या सगळ्यांच्या अंगात दंशाच्या सूक्ष्म कुप्या असतात. धक्का लागला की आतला गुंडाळलेला धागा सुटतो आणि भक्ष्यात घुसतो. ट्यूब ॲनिमोनकडे या नेहमीच्या कुप्या आहेतच, शिवाय आणखी एक प्रकार आहे जो दुसऱ्या कुणाकडेच नाही. त्याला टायकोसिस्ट म्हणतात. हा प्रकार स्वतंत्र आहे हे 1977 मध्ये मांडलं गेलं. यातला धागा घड्या घातलेला, काट्यांशिवायचा, चिकट. तो कुणाला टोचत नाही, बांधकामाला येतो. असे असंख्य धागे अंगाभोवती सुटतात, एकमेकांत गुंततात, त्यात चिकट स्राव आणि भोवतालची वाळू मिसळते आणि नळी तयार होते. बाहेरून बोट फिरवलं तर भिजलेल्या गोणपाटासारखी खरबरीत लागते. आतून मात्र ती इतकी गुळगुळीत असते, की प्राण्याला वरखाली सरकताना कुठे अडत नाही. भूमध्य समुद्रातल्या सेरिॲन्थस मेम्ब्रॅनेशियसची नळी मीटरभर लांब होते. स्कॉटलंडच्या खाड्यांत चिखलात राहणारं पॅकिसेरिॲन्थस मल्टिप्लिकेटसही तसंच. म्हणजे वर दिसतो तो प्राण्याचा निम्माही भाग नसतो. हिंद-प्रशांत समुद्रात या नळ्यांच्या भिंतीत फोरोनिस ऑस्ट्रॅलिस नावाचे छोटे, गडद रंगाचे कृमी बिऱ्हाड करतात. पाण्यातून येणारा कणाकणाचा चारा गाळून खातात आणि मालकाला त्रास देत नाहीत. कधी आणलेल्या नळीबरोबर तेही टँकमध्ये येतात. रोग समजून त्यांना उपटायला जाऊ नये.

हा प्राणी काचेच्या टाकीत ठेवायची खटपट मत्स्यालयाच्या धंद्याइतकीच जुनी आहे. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत समुद्राच्या टाक्यांचं खूळ शिरलं. 1859 मध्ये गॉसने ब्रिटिश किनाऱ्यावरच्या एका ट्यूब ॲनिमोनला नाव दिलं, सेरिॲन्थस लॉयडी. हा लॉयड कोण? विल्यम आल्फर्ड लॉयड, लंडनमध्ये टाक्या आणि समुद्री प्राणी विकणारा दुकानदार. प्राणिशास्त्राच्या नामावळीत दुकानदाराला असा मान क्वचितच मिळतो, आणि या दुकानदाराने तो सार्थही केला. पुढे त्याने हॅम्बुर्गचं आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उभं केलं. दाखवायच्या टाक्यांत जेवढं पाणी, त्याच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात साठवायचं आणि सतत फिरवत ठेवायचं, ही त्याची पद्धत. आज घराघरातल्या टँकखाली जो सम्प असतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. 1874 मध्ये नेपल्सला आन्तोन डोर्नच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय उघडलं, तिथेही लॉयडचा सल्ला होता. त्याच नेपल्सच्या टाक्यांत सेरिॲन्थस कित्येक दशकं जगल्याच्या नोंदी आहेत. काय होतं त्या टाक्यांत? तळाला गाळ, भरपूर पाणी, मंद उजेड आणि ताजं समुद्री अन्न. प्रोटीन स्किमर नाही, एलईडी नाही.

नंतर हा छंद वेगळ्या वाटेने गेला. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि प्रवाळ घालून, यंत्रं जवळजवळ न वापरता टँक सांभाळण्याची पद्धत लिहून काढली. पुढे जर्मनीत लाइव्ह रॉक, स्किमर आणि झगझगीत दिवे यांची सांगड बसली आणि तीच घडी कमीअधिक फरकाने आजच्या रिफ टँकची झाली. या घडीचा सगळा रोख कोरलवर आहे. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, म्हणून दिवे प्रखर. पाण्यात तरंगणारं अन्न म्हणजे घाण, म्हणून स्किमर ते उपसून काढतो. प्रवाह जोराचा, वाळू असलीच तर दोन बोटं, नाहीतर तळ उघडा. यातली प्रत्येक गोष्ट ट्यूब ॲनिमोनच्या मुळावर येते. त्याच्या अंगात शैवाल नाही, तेव्हा उजेडातून त्याला काहीही मिळत नाही. ते जगतं तरंगत येणाऱ्या चाऱ्यावर, आणि तो चारा आपण वीज जाळून बाहेर काढतो. हजारो रुपयांचे दिवे लावून त्याखाली या प्राण्याला उपाशी मारणारे टँक मी पाहिले आहेत. मालक म्हणतो, पॅरामीटर सगळे परफेक्ट आहेत. असतातही.

उपासमार पटकन कळत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. मासा उपाशी राहिला की पोट खपाटीला जातं, आपल्या लक्षात येतं. हा प्राणी उपाशी राहिला की स्वतःलाच थोडा थोडा वापरत लहान होत जातो. झुबका रोज उमलतो, रंगही टिकतो, पण संस्पर्शक आखूड आणि विरळ होत जातात. असे महिने निघतात आणि मग एके सकाळी नळीतून राखाडी चिकट गोळा बाहेर येतो. मालकाला वाटतं, कालपर्यंत छान होता. 'अचानक मेला' या तक्रारींतल्या बऱ्याचशा मला उपासमारीच्याच वाटतात. म्हणून आणल्या दिवशी पट्टी धरून झुबक्याची रुंदी मोजून ठेवावी आणि दर महिन्याला ताडून पाहावी.

खायला घालताना पाहणं हा या छंदातला मोठा आनंद आहे. टँकचे दिवे मालवावेत, हवं तर लाल उजेड ठेवावा. बऱ्याच जाती अंधार पडल्यावरच पुऱ्या उमलतात. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बारीक चिरलेली कोळंबी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये घेऊन झुबक्याच्या जरा वरून, प्रवाह येतो त्या बाजूने हळूच सोडावी. बाहेरच्या एका संस्पर्शकाला तुकडा लागतो आणि तो तिथेच चिकटतो. मग तो संस्पर्शक आत वळतो, एकटाच, बाकीचे पसरलेलेच राहतात. आतल्या आखूड संस्पर्शकांपाशी तुकड्याचा ताबा बदलतो. ते त्याला तोंडाशी नेतात आणि बाहेरचा संस्पर्शक पुन्हा सरळ होऊन कामाला लागतो. याची अजिबात घाई नसते. तुकडा नखाएवढा बारीक असावा. हौसेने मोठा दिला तर दुसऱ्या दिवशी तो तसाच बाहेर टाकलेला सापडतो आणि पाणी बिघडवतो. किती वेळा द्यायचं यावर मतं अनेक. कुणी रोज थोडं सांगतात, कुणी आठवड्यातून एकदा. आठवड्यातून दोनतीनदा थोडं थोडं, हा मधला मार्ग बहुतेकांना मानवतो. स्किमर त्या वेळी तासभर बंद ठेवावा आणि एवढ्या खाण्याने नायट्रेट वाढणार हे धरूनच पाणी बदलण्याचा नेम पाळावा.

दुसरा मोठा वाद वाळूचा. खोल थर हवा याबद्दल दुमत नाही. मध्यम आकाराच्या प्राण्याला निदान 15 ते 20 सेंटिमीटर. पण टँकभर एवढी वाळू घालायची का? खोल वाळूच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेट मोडतात हा फायदा. पण तिथेच हायड्रोजन सल्फाइडही साठतो आणि वर्ष-दोन वर्षांनी कुणी हात घालून थर ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येऊन मासे माना टाकतात. म्हणून पाइपवाला पक्ष पुढे आला. त्यांचा उपाय साधा आहे: प्लंबरकडचा रुंद पीव्हीसी पाइप, वाळूने भरलेला, खडकांच्या आडोशाला उभा करायचा किंवा खाली कोपरा जोडून आडवा वळवायचा, आणि प्राण्याला त्यात सोडायचं. घरच्या टँकसाठी मला पाइप जास्त पटतो. जागा बदलायची झाली तर पाइपसकट उचलता येतो, आणि प्राण्याला न दुखावता हलवण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे. वाळू मात्र बारीक हवी. भरड, धारदार कोरल-चुरा अंगाला घासतो आणि त्यातून नळीही नीट बांधली जात नाही.

नळी धरून ओढणं हा गुन्हाच. ओढली की प्राणी खालच्या टोकाने स्वतःला आत घट्ट रोवून घेतो, आणि मग एकतर फाटतो नाहीतर नळी सोडून उघडाच निघतो. दुकानातल्या पिशवीत तो अनेकदा असाच उघडा असतो. घाबरायचं कारण नाही. अंग धड असेल आणि वाळू मिळाली तर काही दिवसांत तो नवी नळी विणायला घेतो. पाहायचं ते एवढंच: खालचं टोक कापलेलं नाही ना, तोंड मिटलेलं आहे ना, संस्पर्शक चिकटतात की नुसते लोंबतात. पिशवीतून थेट टँकमध्ये टाकू नये, थेंबथेंब पाण्याने तासभर सवय करावी. टँकमध्ये पूर्वी माशांच्या औषधाचं तांबं पडलेलं असेल, तर हा विचार तिथेच सोडावा.

शेजाऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकटं ठेवावं. झुबक्याच्या पोचेत येणारं कोरल भाजून निघतं. तळाशी सावकाश हिंडणारा मासा, मँडरिनसारखा, रात्री अंधारात त्यावर आदळतो आणि सकाळी सापडत नाही. समुद्रघोड्याचीही तीच गत झाली असती, पण तो 2001 मध्येच आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला, तेव्हा तो प्रश्नच येऊ नये. लोकांना हवा असतो 'निमो'. सिनेमा आल्यापासून ॲनिमोन म्हटलं की त्यात नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश हवाच. डॅफ्नी फाउटिन आणि जेराल्ड ॲलन यांनी 1992 च्या त्यांच्या पुस्तकात क्लाऊनफिशला आसरा देणाऱ्या दहा जाती दिल्या. दहाही खऱ्या समुद्रफुलांच्या आहेत, त्यात ट्यूब ॲनिमोन एकही नाही. दुसरं काही न मिळाल्याने टँकमधला एखादा क्लाऊनफिश याच्याशी अंग घासू लागल्याच्या कथा ऐकू येतात, तशाच तो गिळला गेल्याच्याही. दुकानदार ही जोडी एकत्र विकत असेल तर दुकान बदलावं.

आपल्याकडच्या हवेत याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. मुंबईत मे महिन्यात खोलीचंच तापमान तिशी ओलांडतं. त्यात रिफ टँकचे दिवे भर घालतात आणि चिलर दिवसभर घरघरतो. याला दिवेच नकोत, म्हणजे उष्णतेचं निम्मं लचांड गेलं. तापमान 24 ते 26 अंशांत ठेवायला चिलर लागतोच, पण लहान चालतो. क्षारता रिफ टँकएवढीच, म्हणजे घनता 1.025 च्या आसपास. समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा मोह मात्र आवरावा. शहरालगतचं पाणी सांडपाण्याचं आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही खाली येते. आरओचं पाणी आणि विकतचं सॉल्ट हेच शेवटी स्वस्त पडतं. गावाकडे किंवा उपनगरात वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअरपंप आधी घ्यावा, प्राणी नंतर.

आता राहिला तो प्रश्न, जो या छंदात नेहमी शेवटी आणि हळू आवाजात विचारला जातो: हे प्राणी येतात कुठून? समुद्रातून. मुख्यतः इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या उथळ पाण्यातून उपसून. क्लाऊनफिशची पैदास आज टाक्यांत सर्रास होते, कोरलचे तुकडे वाढवून विकले जातात, पण ट्यूब ॲनिमोनची पैदास करून विकणारा धंदा उभा राहिलेला नाही. त्याच्या सेरिन्युला नावाच्या पिल्लावस्था दीर्घकाळ पाण्यात तरंगत वाढतात आणि तेवढा काळ घरी त्यांना पोसणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे दुकानातला प्रत्येक प्राणी कुठल्या तरी वाळूतून खणून काढलेला आहे. गॉसच्या पुस्तकांनी ज्या लोकांना किनाऱ्यावर नेलं, त्यांनी इंग्लंडचे खडकातले डोह ओरबाडून रिकामे केले. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, 1907 मधल्या 'फादर अँड सन' या आठवणींत त्याबद्दल खेद मांडला आहे. आपल्या कायद्यात 2001 मध्ये प्रवाळांना संरक्षण मिळालं, तेव्हा त्या यादीत समुद्रफुलं नव्हती. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची नव्याने मांडणी झाली आहे. म्हणून खरेदीआधी आजची यादी स्वतः वाचावी आणि आयातीची कागदपत्रं मागावीत. कायदा परवानगी देतो म्हणून आपण घ्यावंच असं नाही.

यात आयुष्याचा हिशेबही धरायला हवा. समुद्रफुलं किती जगतात याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एडिंबरामधली 'ग्रॅनी'. ती खरं समुद्रफूल, नळीतली नव्हे. सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून आणली, 1851 मध्ये ते वारले, आणि ती हस्तांतरित होत होत 1887 पर्यंत जगली. नेपल्सच्या सेरिॲन्थसनेही दशकांचा हिशेब दाखवला आहे. घरच्या टँकमध्ये वर्षभर टिकला की आपण पाठ थोपटून घेतो. त्या प्राण्याच्या मापाने ते बालपणीचं मरण आहे.

एवढं सगळं जमेस धरून माझं मत असं. चालू रिफ टँकमध्ये शोभेची भर म्हणून हा प्राणी आणू नये, कितीही जांभळा असला तरी. ज्यांना तो मनापासून हवा आहे त्यांनी त्याच्यासाठी वेगळा, साधा टँक करावा: पाइप किंवा खोल वाळू, मंद प्रवाह, खोलीतला उजेड, नियमाने अन्न. असा टँक दिवसा पाहुण्यांना दाखवण्यासारखा नसतो, आणि खर्चाने रिफ टँकच्या पासंगालाही पुरत नाही. लहान मुलांसाठी, निमोसाठी किंवा हॉलच्या कोपऱ्यात रंग हवा म्हणून टँक करणाऱ्यांनी दुसरं काही निवडावं. आणि घ्यायचंच ठरलं, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला कोळंबीचा एक तुकडा घालायला सांगा. संस्पर्शकांनी तो धरून तोंडापर्यंत नेला नाही, तर घेऊ नका.